मजकुरातून मराठवाड्याची गावं ओळखणारं सिम्बॉल टेबल कसं बांधायचं

‘लोहाऱ्याला जाऊन लोहाराला भेटला’ या वाक्यात गावाचं नाव एकदाच आलंय. धाराशिव जिल्ह्यातला लोहारा कोणता आणि भात्यापुढचा लोहार कोणता, हे वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही. सॉफ्टवेअरला मात्र एकेक चिन्ह दाखवून सांगावं लागतं. बातम्या, पीक विम्याचे अर्ज, ग्रामपंचायतीचे ठराव, जुनी खरेदीखतं अशा मजकुरातून गाव, तालुका आणि जिल्हा वेचायचा तर पाया एकच: नावांचं सिम्बॉल टेबल. कंपायलरमध्ये (प्रोग्रॅमचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) हे टेबल व्हेरिएबलांची आणि फंक्शनांची नावं सांभाळतं, त्यांचा प्रकार आणि स्कोप (नाव कुठपर्यंत लागू ते) सांगतं. आपल्याला तेच काम गावांसाठी करून घ्यायचंय.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून ठेवा: लुकअपने, म्हणजे टेबलात नाव शोधण्याच्या पायरीने, निर्णय घ्यायचा नाही. टेबलाला ‘शिरूर’ विचारलं तर त्याने शिरूर कासार, शिरूर अनंतपाळ आणि पुणे जिल्ह्यातलं शिरूर असे तिन्ही उमेदवार परत द्यावेत. त्यातला खरा कोणता, ते पार्सर (मजकूर उलगडून त्याचा अर्थ लावणारा भाग) आजूबाजूचा मजकूर बघून ठरवेल. नावाला एकच उत्तर देणारं टेबल पहिल्या दिवशी छान चालतं. पुढे त्याची चूक शोधणं अवघड होतं, कारण टाकून दिलेले उमेदवार कुठेच नोंदलेले नसतात.

नाव वेगळं, ठिकाण वेगळं

म्हणून टेबलं दोन करा. पहिलं ठिकाणांचं. प्रत्येक ठिकाणाला एक पूर्णांक क्रमांक, प्रकार (जिल्हा, तालुका, गाव, नदी, संस्था), वरच्या पातळीवरच्या ठिकाणाचा क्रमांक, लागू असण्याची सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आणि सरकारी कोड. गावांसाठी २०११ च्या जनगणनेतला सहा अंकी कोड सोबत ठेवला तर पुढे दुसऱ्या कुठल्याही तक्त्याशी जोडताना नावांवर अवलंबून राहावं लागत नाही. दुसरं टेबल नावांचं: नाव ही चावी, आणि तिच्यापुढे ठिकाणांच्या क्रमांकांची यादी. यादी एकाच क्रमांकाची असली तरी यादीच ठेवा.

एका ठिकाणाची नावं किती असतात ते बघा. अंबाजोगाई, अंबेजोगाई, आंबेजोगाई, आणि निजामाच्या काळातल्या कागदांत मोमिनाबाद. वसमत आणि बसमत. परांडा आणि परंडा. परळी आणि परळी वैजनाथ. औंढा आणि औंढा नागनाथ. उलट बाजूने, एका नावाची ठिकाणंही अनेक. आष्टी बीड जिल्ह्यात आहे तशी वर्धा जिल्ह्यातही, कळंब धाराशिवमध्ये आणि यवतमाळमध्ये, वाशी धाराशिवमध्ये आणि नवी मुंबईत. कंधार नांदेड जिल्ह्यातलं, पण अफगाणिस्तानातलं कंदहारही मराठीत पुष्कळदा कंधार असंच लिहिलं जातं. काही नावं तर ठिकाण नसतानाही भेटतात: कन्नड ही भाषा, भोकर हे फळ, पूर्णा ही नदी. अशा नावांच्या यादीत ‘ठिकाण नाही’ हाही एक उमेदवार घाला.

मराठवाडा विभागात तालुके ७६ आहेत. फक्त तेवढेच ओळखायचे असतील तर हॅश टेबलाचा (नावावरून हॅश नावाचा आकडा काढून थेट त्याचा कप्पा गाठणाऱ्या टेबलाचा) घाट घालू नका, साधी क्रमवार यादी पुरते. गावं मात्र आठ हजारांहून जास्त, आणि प्रत्येकाची लेखनरूपं वेगळी. तिथून पुढे रचनेचा विचार करावा लागतो.

आधी मजकूर धुऊन घ्या

नाव टेबलात आहे, मजकुरात डोळ्यांना दिसतंय, तरी लुकअप रिकाम्या हाताने परत येतो. या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा युनिकोडमध्ये असतं. सारखं दिसणारं अक्षर दोन-तीन तऱ्हांनी साठवता येतं. धुण्याचा क्रम असा ठेवा, आणि क्रम बदलू नका:

१. ‘र, हलन्त, झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह)’ हे त्रिकूट सापडलं की त्याजागी ‘ऱ, हलन्त’ घाला. लोहाऱ्यात, कोपऱ्यात यातला अर्धा र दोन्ही तऱ्हांनी टाइप होतो. हे न करता जॉइनर उडवलात तर ‘लोहाऱ्यात’चं ‘लोहार्यात’ होतं आणि नाव कायमचं हातचं जातं.

२. युनिकोडचं एनएफसी रूप (सुटी चिन्हं ठरलेल्या नियमाने जोडलेलं प्रमाण रूप) करा. र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) वेगवेगळे आले असतील तर ते इथे ‘ऱ’ या एका चिन्हात जुळतात.

३. आता उरलेले नुक्ते काढा. उर्दू वळणाने लिहिलेल्या जाफराबाद, खुलताबाद यांसारख्या नावांत ते असू शकतात. एनएफसी ‘ज़’ला जोडत नाही, ज आणि नुक्ता वेगळेच ठेवतं, त्यामुळे काढणं सोपं. पण हे काम पायरी २ च्या आधी केलं तर ‘ऱ’चा ‘र’ होतो.

४. झीरो विड्थ जॉइनर, नॉन-जॉइनर आणि फाइलच्या सुरुवातीचं बाइट ऑर्डर मार्क काढा. नॉन-ब्रेकिंग स्पेसची साधी स्पेस करा.

५. ‘अ’ला स्वतंत्र मात्रा लावून केलेली अक्षरं दुरुस्त करा: अ आणि ौ मिळून औ, अ आणि ो मिळून ओ, अ आणि ा मिळून आ. एनएफसी हे करत नाही. जुन्या फॉन्टांतून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात हा प्रकार इतका आहे की औसा, औंढा आणि औरंगाबाद ही तीन नावं याच्याशिवाय अर्धी हुकतात.

६. लागोपाठ दोन अनुस्वार किंवा एकच मात्रा दोनदा आली असेल तर एक ठेवा.

‘ल’ आणि ‘श’ची मराठी-हिंदी वळणं हा फॉन्टचा मामला आहे, साठवण एकच असते. तिकडे वेळ घालवू नका.

हेच फंक्शन टेबल भरतानाही चालवायचं. मजकूर धुतला आणि टेबलातली नावं एक्सेलमधून आहेत तशी घेतली, असं हमखास होतं. मग यादीतलं अगदी पहिलं नाव कधीच सापडत नाही (त्याला बाइट ऑर्डर मार्क चिकटलेला असतो) आणि ज्यांच्या शेवटी स्पेस राहिली ती नावंही नाहीत. फंक्शन बरोबर आहे का हे तपासायला एक छोटी कसोटी: धुतलेला मजकूर पुन्हा धुतला तर त्यात एकही बदल होता कामा नये.

आणखी एक. धुतल्यावर लांबी बदलते. मूळ मजकुरात नाव अधोरेखित करायचं असेल तर धुतलेल्या प्रत्येक चिन्हासोबत मूळ जागेचा आकडा सांभाळा. नंतर हिशेब जुळवू म्हटलं तर जुळत नाही.

शब्द तोडताना

पायथॉनच्या अंगभूत ‘रे’ मॉड्यूलमध्ये शब्दातलं अक्षर दाखवणारी ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ ही खूण मात्रा आणि हलन्त यांना अक्षर मानत नाही. तिच्यावर भरवसा ठेवला तर ‘लातूर’चे ल, त, र असे तीन तुकडे पडतात. शब्दाची सीमा दाखवणारी ‘बॅकस्लॅश बी’ही त्याच कारणाने मधेच तुटते. ‘रेगेक्स’ नावाचं वेगळं मॉड्यूल मात्रा धरून चालतं. नाहीतर देवनागरीचा कोड-पट्टा स्वतः सांगा: दशमानात २३०४ ते २४३१. त्यातून दंड (२४०४), दुहेरी दंड (२४०५) आणि अंक (२४०६ ते २४१५) वगळा. दंड वगळायचा राहिला तर जुन्या पोथीवजा मजकुरात ‘पैठण।’ हा एक अखंड शब्द होऊन बसतो.

पूर्णविरामाचं दुखणं वेगळं. ‘छ. संभाजीनगर’, ‘शिरूर (का.)’, ‘पिंपळगाव बु.’ यांतला टिंब वाक्य संपवत नाही. संक्षेपांचंही छोटं टेबल करा, आणि तिथेही एका चावीला अनेक उत्तरं असू द्या. ‘ता.’ म्हणजे तालुका, पण ‘लातूर, ता. १२ :’ अशा बातमीच्या सुरुवातीत तारीख. पुढे अंक आला तर तारीख, नाव आलं तर तालुका. ‘जि.’ म्हणजे जिल्हा, पण ‘जि. प. शाळा’ असेल तर जिल्हा परिषद. ‘पो.’ म्हणजे पोस्ट, आणि ‘पो. नि.’ आलं की पोलीस निरीक्षक. अर्ज भरणारे ‘ता.’ऐवजी विसर्ग देऊन ‘ताः’ही लिहितात. टेबलात तीही रूपं टाका.

प्रत्यय: खरी मेहनत इथे

इंग्रजीसाठी लिहिलेलं सिम्बॉल टेबल मराठीवर का चालत नाही, याचं उत्तर इथे आहे. लातूर हे नाव मजकुरात लातूर, लातूरला, लातूरहून, लातुरात, लातुरातून, लातुरातल्यांनाही अशा वेशांत येतं. ‘त’ लागला की दीर्घ तू ऱ्हस्व होतो, ‘ला’ लागला तर होत नाही. जालना मात्र ‘ला’ लागल्याबरोबर जालन्या- होतं.

यावर दोन सोपे वाटणारे उपाय आहेत आणि दोन्ही अडचणीत आणतात. पहिला: शब्दाची सुरुवात नावाशी जुळते का एवढंच बघणं. मग भोकरदनमध्ये भोकर सापडतं (एक जालना जिल्ह्यात, दुसरं नांदेडमध्ये), वाशीममध्ये वाशी, लोहाऱ्यात लोहा आणि ‘मानवतावादी’मध्ये मानवत. दुसरा: शेवटचे प्रत्यय छाटत जाणं. मग मानवतचा ‘त’ प्रत्यय समजून छाटला जातो आणि हातात ‘मानव’ उरतो. वसमतचं ‘वसम’ होतं.

चालणारा उपाय असा. प्रत्येक नावाची एक ते तीन रूपं टेबलात ठेवा, आणि कुठल्या रूपाला कुठले प्रत्यय लागू शकतात तो गट त्या रूपाशी बांधा. शब्द वाचताना त्याचे दोन भाग करायचे: डावा भाग रूपांच्या टेबलात हवा, उजवा भाग त्या रूपाच्या प्रत्ययगटात हवा. दोन्ही जुळलं तरच नाव सापडलं.

व्यंजनाने संपणाऱ्या नावांचं सरळरूप ‘लातूर’. त्याला रिकामा प्रत्यय, ला, चा-ची-चे-च्या-चं, हून, मध्ये, मधून, कडे, पासून, पर्यंत, साठी हे गट चालतात. सामान्यरूप ‘लातुरा’ फक्त त, तून, तील, तला-तली-तल्या यांच्यासाठी. परतूर, जिंतूर, चाकूर, देगलूर, उदगीर, माहूर, गंगापूर, तुळजापूर सगळी याच चालीची: परतुरात, उदगिरात, तुळजापुरात.

आकाराने संपणाऱ्या नावांचं सरळरूप (जालना, निलंगा, उमरगा, मंठा, पाटोदा) फार थोडे प्रत्यय घेतं: रिकामा आणि मध्ये, बस. बाकी सगळे सामान्यरूपाला लागतात: जालन्याला, निलंग्याहून, उमरग्याचा. ही मर्यादा काटेकोर पाळा. ‘लोहारा’ या सरळरूपाला ‘ला’ची परवानगी दिली की पहिल्या वाक्यातला लोहार गाव होतो. औशाची दोन सामान्यरूपं ठेवा, औशा- आणि औश्या-, दोन्ही लिहिली जातात.

ई आणि ऊ यांनी संपणारी सोपी आहेत. परभणी, हिंगोली, गेवराई, सेलू यांचं एकच रूप, त्याला सगळे प्रत्यय.

उरली अपवादांची मूठभर नावं, ती हाताने भरा. बीडचं सामान्यरूप टेबलात घालूच नका. नियमाने ते ‘बिडा-’ होईल आणि ‘बिडाचा तवा’ म्हणजे ओतीव लोखंडाचा तवा थेट बीड जिल्ह्यात जाऊन पडेल. बीडचा, बीडला, बीडमध्ये एवढी रूपं पुरेशी आहेत. पूर्णेचं सामान्यरूप ‘पूर्णे-’ आलं तर नदीचा उमेदवार वर ठेवा.

तिसरं रूप ‘कर’साठी. नांदेडकर, उदगीरकर सरळ जुळतात, पण निलंगेकर, औसेकर यांना ‘निलंगे’, ‘औसे’ हे रूप लागतं. ‘कर’ लागलेलं नाव सापडलं की प्रकार ठिकाण ठेवू नका, ‘आडनाव किंवा रहिवासी’ असा वेगळा ठेवा. नाहीतर एखाद्या औसेकरांच्या पुण्यातल्या भाषणाची बातमी औशाच्या खात्यात जमा होते. ‘परभणीकरांनी’सारखं अनेकवचन बहुधा गावकऱ्यांसाठी असतं, एकवचनापुढे नाव किंवा पदवी आली तर आडनाव.

प्रत्ययांच्या साखळ्या (त + ल्या + ंना + ही) चालू असताना जोडत बसण्यापेक्षा आधीच सगळ्या तयार करून ठेवाव्यात. काहीशे होतात, जास्त नाही, आणि त्यांचंही एक छोटं हॅश टेबल करता येतं.

हॅश टेबल बांधताना

युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं, आणि पहिला बाइट नेहमी २२४. स्वर-व्यंजनांचा दुसरा बाइट जवळजवळ नेहमी १६४. त्यामुळे पहिल्या एक-दोन बाइटांवरून कप्पा ठरवणारा जुना हॅश इथे सगळी नावं एकाच कप्प्यात कोंबतो. टेबल हॅशचं राहतं, वेग यादीचा होतो. धुतलेल्या चिन्हाच्या कोडमधून २३०४ वजा केलेत तर ० ते १२७ मधला आकडा मिळतो, म्हणजे एका चिन्हाला एक बाइट. ‘परभणी’ची चिन्हं ५, साठवण १५ वरून ५ बाइटांवर येते.

हॅशसाठी एफएनव्ही-१ए हा तयार अल्गोरिदम पुरेसा आहे आणि इथे त्याचा एक खास फायदा आहे. तो डावीकडून एकेक बाइट घेत जातो, त्यामुळे शब्द एकदा वाचतानाच त्याच्या प्रत्येक डाव्या भागाचा हॅश आपोआप हाती येतो. दोन भाग करून बघण्याचा खर्च जवळजवळ फुकट पडतो.

```
शोध(शब्द):
    उमेदवार = रिकामी यादी
    हॅश = २१६६१३६२६१
    शब्दातलं प्रत्येक चिन्ह, डावीकडून:
        हॅश = (हॅश एक्सॉर चिन्ह) × १६७७७६१९, खालचे ३२ बिट
        आतापर्यंतची चिन्हं ३ हून कमी असतील तर पुढे चला
        रूपांच्या टेबलात हा डावा भाग नसेल तर पुढे चला
        त्या भागाच्या प्रत्येक नोंदीसाठी:
            उजवा भाग नोंदीच्या प्रत्ययगटात असेल तर
                नोंद आणि प्रत्यय उमेदवारांत घाला
    उमेदवार परत द्या
```

कमीतकमी ३ चिन्हांची अट अशासाठी की बीड, भूम, केज, औसा ही तालुक्यांतली सगळ्यांत छोटी नावं ३ चिन्हांची आहेत. गावांच्या यादीत त्याहून छोटं नाव असेल तर आकडा बदला. हॅश जुळला म्हणजे नाव जुळलं असं धरू नका, चिन्हंही ताडून बघा. ३२ बिटांत दोन वेगळ्या शब्दांचा हॅश एक येऊ शकतो.

आकाराचा अंदाज: गावं, तालुके, पर्यायी लेखन आणि रूपं मिळून समजा १,२०,००० चाव्या झाल्या. ओपन ॲड्रेसिंगचं, लिनिअर प्रोबिंगचं टेबल (कप्पा भरलेला असला की लगतचा पुढचा कप्पा बघणारं) घेतलं तर २,६२,१४४ कप्पे ठेवा. एका कप्प्यात ४ बाइट हॅश आणि ४ बाइट नोंदीचा क्रमांक, म्हणजे एकूण २ एमबी. टेबल अर्ध्याहून कमी भरलेलं राहतं आणि ते मुद्दाम. आपल्या मजकुरातले बहुतेक शब्द गावांची नावं नसतात, म्हणून ‘सापडलं नाही’ हे उत्तर किती लवकर मिळतं यावर वेग ठरतो. लिनिअर प्रोबिंगमध्ये टेबल ७० टक्के भरलं की न सापडणाऱ्या शब्दासाठी सरासरी ६ कप्पे बघावे लागतात, ९० टक्के भरलं की ५० च्या आसपास. सापडणाऱ्या शब्दाला त्याच ९० टक्क्यांवर साडेपाचच लागतात, म्हणून फक्त सापडणाऱ्या नावांवर चाचणी घेणाऱ्याला हा घोळ दिसतच नाही.

पायथॉनमध्ये काम असेल तर हे काहीच हाताने करू नका, डिक्शनरी घ्या. वरचा हिशेब सी, रस्ट यांत लिहिणाऱ्यांसाठी किंवा जुन्या सर्व्हरवर मेमरी मोजून वापरणाऱ्यांसाठी. ट्रायही (चिन्हागणिक फांद्या फुटणारं झाड) चालतो आणि प्रत्ययांसाठी तो दिसायला जास्त सरळ वाटतो, पण प्रत्येक गाठीला १२८ कप्पे दिले तर बहुतेक रिकामे राहतात आणि मेमरी फुगते.

जोडनावं

छत्रपती संभाजीनगर, औंढा नागनाथ, शिरूर अनंतपाळ, परळी वैजनाथ. इथे प्रत्यय शेवटच्या शब्दाला लागतो: औंढा नागनाथला, शिरूर अनंतपाळमध्ये. शब्दांच्या क्रमांकांचा एक छोटा ट्राय करा, सगळ्यांत लांब जुळणी आधी बघा, जुळलं नाही तर मागे येऊन छोटी घ्या. जोडरेघ दोन कामं करते. ‘परळी-वैजनाथ’मध्ये ती एकाच नावाच्या मधे आहे, ‘लातूर-नांदेड रस्ता’मध्ये दोन नावांच्या मधे. आधी जोडनाव म्हणून बघा, नसेल तर तोडा. संस्थांची नावंही याच ट्रायमध्ये टाका. ‘स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ’ आख्खं जुळलं की त्यातला ‘मराठवाडा’ प्रदेश म्हणून वेगळा मोजला जात नाही.

पत्ता आणि स्कोप

‘मु. अमुक पो. तमुक ता. निलंगा जि. लातूर’ या साच्याचा पत्ता उजवीकडून डावीकडे सोडवा. आधी जिल्हा. तो मिळाला की त्याचा स्कोप उघडा आणि तालुका फक्त त्यातच शोधा, मग तालुक्याचा स्कोप उघडून गाव त्यात. डावीकडून सुरुवात केली तर एका पिंपळगावासाठी किंवा वडगावासाठी उमेदवारांची रांग लागते आणि पुढे ती छाटावी लागते. म्हणूनच पत्ता सोडवण्यासाठी गावांच्या टेबलाची चावी नुसतं नाव ठेवू नका, ‘तालुक्याचा क्रमांक आणि नाव’ अशी जोडी ठेवा. बुद्रुक, खुर्द आणि त्यांचे बु., खु. हे संक्षेप कधीही काढून टाकू नका. एकाच तालुक्यात दोन्ही असतात आणि त्यांचे सातबारे वेगळे.

मुक्काम आणि पोस्ट वेगवेगळी गावं असू शकतात, ती वेगळी समजून दोन रकान्यांत ठेवा. ‘ता. जि. लातूर’ म्हणजे तालुकाही लातूर आणि जिल्हाही. पार्सरला हे वेगळं सांगावं लागतं, नाहीतर तालुका रिकामा राहिल्याची तक्रार येते. गाव दिलेल्या तालुक्यात सापडलं नाही तर जिल्ह्यात शोधा, पण मिळाल्यावर नोंदीवर ‘तालुका जुळत नाही’ अशी खूण ठेवा. गुपचूप दुरुस्त केलेला पत्ता पुढच्या माणसाला बरोबर वाटतो.

चुकीच्या लेखनासाठी अंदाजे जुळणी लागतेच: ‘लातुर’, ‘शिरुर’, ‘जिंतुर’. त्यासाठी ऱ्हस्व-दीर्घ एक करून बनवलेली दुसरी, ढिली चावी ठेवा आणि ती पक्की चावी हुकल्यावरच वापरा. एका अक्षराचा फरक चालवून घेणारी जुळणी मात्र मोकळ्या मजकुरावर सोडू नका. ‘पैठणी नेसून’ आलेली बाई पैठणला पोहोचते. ‘ता.’ किंवा ‘जि.’च्या लगेच पुढच्या शब्दावर ती वापरायला हरकत नाही.

बातमी किंवा लेखात प्रत्येक दस्तऐवजाला स्वतःचा तात्पुरता स्कोप द्या. पहिल्या परिच्छेदात ‘शिरूर अनंतपाळ’ आलं की त्या दस्तऐवजापुरतं नुसतं ‘शिरूर’ तिकडे वळवा. दस्तऐवज संपला की स्कोप बंद करा. एरर आल्यावर बाहेर पडणाऱ्या वाटेवरही तो बंद होतो ना, हे बघा. नाहीतर एक फाइल मधेच अडकते आणि पुढच्या फाइलमधलं बीड जिल्ह्यातलं शिरूर लातूर जिल्ह्यात जातं. हा दोष पकडायला कठीण, कारण ती फाइल एकटी चालवली की उत्तर बरोबर येतं.

नाव बदललं, जिल्हा बदलला

२०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. जुनं नाव टेबलातून पुसू नका आणि मजकुरातही बदलू नका. ठिकाणाचा क्रमांक तोच राहतो, त्याला नवं नाव जोडा आणि कुठलं नाव कधीपासूनचं ते लिहा. मजकुरात जे लिहिलंय ते एका रकान्यात, आजचं अधिकृत नाव दुसऱ्या रकान्यात. ‘औरंगाबाद’ शोधून सरसकट बदलणारी स्क्रिप्ट बिहारमधल्या औरंगाबादलाही संभाजीनगर करून टाकते.

नावापेक्षा हद्दीचा बदल जास्त फसवतो. जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला, लातूर १६ ऑगस्ट १९८२ ला, हिंगोली १ मे १९९९ ला. १९७८ च्या खरेदीखतात ‘लातूर, जि. उस्मानाबाद’ लिहिलं असेल तर ते बरोबर आहे, आणि १९९५ च्या कागदावर ‘कळमनुरी, जि. परभणी’ही. म्हणून तालुका कुठल्या जिल्ह्याखाली येतो हे एका रकान्यात मावत नाही. तारखांसह वेगळ्या ओळी करा, आणि लुकअपला कागदाची तारीख सोबत द्या. तारीख नसेल तर दोन्ही जिल्हे मान्य करा. इथे लागते ती कागदाची तारीख, स्कॅन केल्याची किंवा संगणकात नोंदवल्याची नाही.

चाचणी

प्रत्येक दुरुस्तीनंतर चालवायची वाक्यं एका फाइलमध्ये ठेवा, आणि ‘नाव निघू नये’ अशी वाक्यं निम्मी तरी असू द्या. सुरुवातीला या जोड्या पुरतील: लोहाऱ्याला, लोहाराला. बीडचा तवा, बिडाचा तवा. मानवतला, मानवतेला. भोकरला, भोकरदनला. वाशीत, वाशीममध्ये. पैठणला, पैठणीला. कन्नडला गेला, कन्नड बोलला. लातूर, ता. १२ आणि ता. लातूर. यातलं ‘कन्नड बोलला’ टेबलाच्या बळावर सुटणार नाही. तिथे दोन्ही उमेदवार परत आले की चाचणी पास धरा.

न सुटलेल्या शब्दांची यादी रोज काढा आणि किती वेळा आले त्या क्रमाने लावा. वरचे शब्द बहुधा राहून गेलेली पर्यायी नावं किंवा नवीन संक्षेप असतात. ते भरले की पुन्हा पूर्ण टेबल बांधा. चालू टेबलातून एकेक नोंद खोडत बसलात तर लिनिअर प्रोबिंगची साखळी मधेच तुटते आणि न खोडलेली नावंही सापडेनाशी होतात. एक लाखाच्या आसपास चाव्यांचं टेबल नव्याने बांधायला संगणकाला काही क्षण पुरतात.